अंबाझरीच्या काठाने

नागपुरात थंडीची चाहूल लागली की पहाटेच्या भटकंतीसाठी अंबाझरीसारखी दुसरी जागा नाही. शहराच्या पश्चिमेला, नाग नदीच्या वाटेवर 1870 च्या सुमारास हा तलाव बांधला गेला. तेव्हा तो पिण्याच्या पाण्यासाठी होता. काठावरचं उद्यान 1958 सालचं.

पण खरी मजा आहे ती वन विभागाच्या अंबाझरी जैवविविधता उद्यानात. इथं चढ जवळजवळ नाहीच, त्यामुळे आजी-आजोबा आणि नातवंडं बरोबरीनं चालतात. मोकळं गवत, बाभळी-बोरीची झुडपं आणि मधूनच पाण्याची चमक. पाणी दिसलं की थांबा. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. पाणकावळा पंख पसरून उन्हात वाळवत बसतो. हिवाळ्यात दूरदेशीची बदकंही उतरतात. दुर्बीण असेल तर जरूर न्या, भडक कपडे मात्र टाळा.

याच तलावाचं रौद्र रूपही आपण पाहिलं आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. म्हणून पावसाळ्यात सांडव्याकडे फिरकू नका. एप्रिल-मेचं ऊनही इथं सोसवत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. सकाळी लवकर निघा, पाण्याची बाटली सोबत घ्या आणि ती परतही आणा.