परक्या घरची लेक



यूरोपांत तरुण मुलींसाठीं एक चाल रूढ आहे. परदेशांतील एखाद्या कुटुंबांत जाऊन राहावयाचें, त्या घरचीं मुलें सांभाळावयाचीं, झाडलोटीला हातभार लावावयाचा आणि त्या मोबदल्यांत अन्न, निवारा, थोडा हातखर्च व त्या देशाची भाषा पदरांत पाडून घ्यावयाची. अशा मुलीस फ्रेंच भाषेंत ‘ओ पेअर’ म्हणतात. म्हणजे बरोबरीच्या नात्यानें राहणारी. ती मोलकरीण नव्हे आणि पाहुणीहि नव्हे. या नात्यांत मुलीची पिळवणूक होऊं नये म्हणून १९६९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें एक करार झाला. वय १७ ते ३०, काम साधारणतः दिवसाला ५ तासांहून अधिक नाहीं, आठवड्यास १ पूर्ण दिवस सुटी, अशीं कलमें त्यांत आहेत.

कलमें चांगलीं आहेत. परंतु परक्या घरांत ‘घरची’ होणें ही गोष्ट कलमांनीं साधते थोडीच? वर्धा जिल्ह्यांत हें नातें एका विलायती बाईनें अनेक वर्षें निभावलें, आणि तेंहि कराराविना.

मॅडेलिन स्लेड यांचा जन्म १८९२ चा. वडील ब्रिटिश आरमारांत मोठे अधिकारी. घरीं नोकरचाकर, घोड्यांचा शौक, आणि बीथोव्हेनच्या संगीताचें तर वेडच. वडिलांच्या नोकरीमुळें तरुणपणीं त्या मुंबईसहि राहून गेल्या होत्या. पण ती मुंबई मेजवान्यांची व नाचांची. हिंदुस्थान त्यांना दिसला तो पुढें, रोमां रोलां यांनीं लिहिलेल्या गांधीजींच्या चरित्रांतून. लगोलग निघण्याचा त्यांचा विचार होता, परंतु त्यांनीं स्वतःच एक वर्ष थांबावयाचें ठरविलें. त्या वर्षांत त्या सूत कातावयास शिकल्या, मांस व मद्य सोडलें, जमिनीवर निजूं लागल्या, मांडी घालून बसण्याचा सराव केला आणि उर्दूचे धडे घेतले. सासरीं जाणाऱ्या मुलीची देखील इतकी तयारी क्वचितच होत असेल!

१९२५ च्या नोव्हेंबरांत त्या साबरमतीस पोंचल्या, तेव्हां त्यांना तेहतिसावें वर्ष चालू होतें. गांधीजींनीं त्यांना मुलगी मानलें व मीरा हें नांव दिलें. मुलीच्या वांट्यास आलेलें काम मात्र कातण्यापिंजण्याचें आणि शौचकूप साफ करण्याचें. स्ट्रासबुर्गच्या करारांत तें बसलें नसतें. पण मीराबेनना जड गेलें तें काम नव्हे. जड गेली ती भाषा, आणि त्याहून जड गेला विरह. हिंदी शिकण्यासाठीं गांधीजी त्यांना निरनिराळ्या आश्रमांत धाडीत, आणि बापूंपासून दूर झालें कीं त्यांचें चित्त थाऱ्यावर राहत नसे. माझ्या देहाला नव्हे तर माझ्या कामाला चिकटून राहा, अशा अर्थाचा उपदेश गांधीजी पत्रांतून वारंवार करीत. हीं पत्रें १९४९ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं आहेत. तीं वाचतांना बापाची काळजी दिसते, तसा बापाचा कठोरपणाहि दिसतो. मायदेश, माणसें, संगीत हें सर्व सोडून आलेल्या बाईला आधार एकच होता, आणि तोच दूर राहावयास सांगत होता.

पुढें गांधीजींचें बिऱ्हाड वर्ध्यास मगनवाडींत आलें. जवळच्या सिंदी गांवांत मीराबेननीं सफाईचें काम हातीं घेतलें. रोज सकाळीं वाटांवरील घाण उचलावी आणि दुसऱ्या दिवशीं तितकीच पुन्हा पडलेली पाहावी, असा तो क्रम. गोरी बाई आपला मैला कां उचलते हें लोकांस उमजेना. तेथून त्या ५ मैलांवरील शेगांवीं राहावयास गेल्या. गांवांत बहुसंख्य वस्ती हरिजनांची, धड रस्ता नाहीं, पावसाळ्यांत काळी माती गुडघाभर चिकटावयाची. हिंदीशीं इतकीं वर्षें झुंज दिली, तर गांवची बोली निघाली मराठी!

३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी स्वतः शेगांवीं आले. त्याच वर्षीं मीराबेनना विषमज्वर झाला, तेव्हां त्यांची शुश्रूषा गांधीजींनीं केली. माती, बांबू, कवेलू अशा स्थानिक सामानाची एक झोंपडी मीराबेनसाठीं उभी झाली होती; पुढें तींत गांधीजी राहूं लागले आणि तीच बापूकुटी. बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांवशीं टपालाचा घोंटाळा होई म्हणून १९४० सालीं गांवाचें नांव सेवाग्राम ठेवण्यांत आलें.

मीराबेन १९३१ सालीं गांधीजींबरोबर लंडनला गेल्या होत्या. आरमाराच्या अधिकाऱ्याची कन्या खादीच्या साडींत, एका काळ्या माणसाच्या जेवणाखाण्याची व्यवस्था पाहत आहे, हें दृश्य तेथील वृत्तपत्रांस चांगलेंच पुरलें. १९४२ पासून पुण्याच्या आगाखान महालांत त्या बंदीवासांत होत्या. महादेवभाईंचें व कस्तुरबांचें मरण त्यांनीं तेथेंच पाहिलें. घरच्या दुःखांत वांटा मिळणें, हेंच घरचें होण्याचें खरें माप म्हणावें तर तें त्यांस पुरेपूर मिळालें.

गांधीजी गेल्यावर त्या कांहीं वर्षें हिमालयाच्या पायथ्याशीं गुरें व जंगलें यांच्या कामांत राहिल्या. १९५९ सालीं मात्र त्यांनीं हिंदुस्थान सोडला. कांहींजणांस हें रुचलें नाहीं. परंतु ज्याच्यासाठीं त्या या घरीं आल्या होत्या तो बाप ११ वर्षांपूर्वींच गेला होता, हें विसरून कसें चालेल? त्या ऑस्ट्रियांत, बीथोव्हेनच्या सहवासांतील भूमींत, जाऊन राहिल्या. १९८१ सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मविभूषण दिलें. २० जुलै १९८२ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें.

सेवाग्रामास जाणाऱ्यानें बापूकुटींतील भिंती जरा जवळून पाहाव्या. ताडाचीं झाडें व चरखा मातीनें उठावदार काढलेला आहे. ती कारागिरी मीराबेनच्या हातची आहे.