यंत्राचा हात आणि स्पर्श
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



अमेरिकेतल्या कॅथी हचिन्सन या बाई मेंदूतल्या झटक्याने मानेखाली लुळ्या झाल्या, वाचाही गेली. २०११ साली, सुमारे पंधरा वर्षांनी, त्या प्रथमच आपल्या मनाने कॉफी प्यायल्या. हात मात्र यंत्राचा होता.

हात हलवावा असे मनात येताच मेंदूत बारीकशी वीज खेळते. खाली जाणारी वाट तुटली तर हुकूम हातापर्यंत पोहोचत नाही. पण तो निघतो मात्र खरा! बाईंच्या मेंदूत छोट्या गोळीएवढी चकती बसवली होती, तिला केसासारख्या ९६ सुया. त्या हुकूम टिपत, संगणक अर्थ लावी आणि यंत्राचा हात हले. सहा प्रयत्नांत चार वेळा बाटली तोंडाशी आली.

पण नुसता हलणारा हात म्हणजे अर्धाच हात. भाकरी थापताना कड फाटते आहे हे डोळ्यांआधी बोटांना कळते. दिवे गेले तरी रवा कुठला, साखर कुठली हे चिमटीला समजतेच ना?

नेथन कोपलँड या तरुणाची मान २००४ साली मोटार अपघातात मोडली. २०१५ साली पिट्सबर्ग विद्यापीठाच्या मंडळींनी त्याच्या मेंदूत चार चकत्या बसवल्या. दोन हालचालीच्या जागी, दोन स्पर्शाच्या. डोळे बांधून यंत्राच्या बोटाला हात लावला, तर कुठले बोट हे तो शंभरात चौऱ्याऐंशी वेळा बरोबर सांगे. गंमत अशी, की स्पर्श यंत्राला होई आणि जाणवे त्याच्या स्वतःच्या बोटात! कधी दाबल्यासारखे, कधी विजेसारखे. पुढे २०२१ साली प्रसिद्ध झाले, की वस्तू उचलून ठेवायला त्याला स्पर्शाविना एकवीस सेकंद लागत, स्पर्शाने दहा.

आपल्या आळीतही पक्षाघाताची माणसे आहेत. 'हे आपल्याकडे कधी?' असे त्यांच्या घरच्या बायका मला विचारतात. खोटी आशा मी दाखवणार नाही. हे प्रयोग मोजक्याच माणसांवर झाले आहेत. कॅथीबाईंच्या आणि नेथनच्या तारा कवटीतून बाहेर काढलेल्या होत्या, म्हणजे जंतूंचे भय आलेच. तेव्हा 'मेंदूत तार बसवून चालायला लावतो' म्हणून कोणी पैसे मागितले, तर त्याला दारातूनच परत पाठवा. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम चुकवू नका.

आणि एक. बधिर अंगाला कढत पाण्याचा चटका बसला तरी माणसाला कळत नाही, फोड मागाहून दिसतात. आंघोळ घालण्याआधी पाण्यात आपले कोपर बुडवून पाहावे.