पहिली-दुसरीच्या वर्गातली विद्वत्ता



कॅथलिक प्राथमिक शाळांत आयुष्य वेचलेल्या शिक्षकांचे हे संमेलन वसईच्या भूमीत भरले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. ख्रिस्ती समाजाच्या या मराठी परंपरेचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलणारे मूल पुस्तकातल्या मराठीपाशी पोहोचते ते पहिलीच्या वर्गात, आणि त्याला तिथवर नेणाऱ्या बाईंची नोंद कुठल्याच इतिहासात होत नाही. म्हणून आज एकच मुद्दा मांडतो. आयुष्यभर पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या शिक्षकाकडे जे ज्ञान साठते ते विद्वत्तेच्या तोडीचे असते. आपण मात्र त्याला सेवा म्हणतो, निरोप समारंभात शाल-श्रीफळ देतो आणि ते ज्ञान शाळेबाहेर जाऊ देतो.

हे ज्ञान कसले, ते एका साध्या वजाबाकीत दिसते. ४२ मधून १७ वजा करताना एखादे मूल उत्तर लिहिते ३५. नवखा शिक्षक त्यावर फुली मारतो. मुरलेल्या बाईंना मात्र लगेच कळते, की मुलाने ७ मधून २ आणि ४ मधून १ वजा केला आहे. त्याला वजाबाकी येते, दशक सुटा करायचा हे उमगलेले नाही. बाई पाटीवर पुन्हा उदाहरण घालत नाहीत, काड्यांचा गठ्ठा सोडून दहा काड्या मुलाच्या हातात देतात. ‘बेचाळीस’ ऐकून २४ लिहिणाऱ्या मुलाचेही तसेच. आपल्या संख्यावाचनात एकक आधी उच्चारला जातो, त्यामुळे ते मूल कानाला प्रामाणिक राहूनच चुकते. संख्यावाचनाच्या या अडचणीवरून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाबद्दल राज्यभर वाद झाला, पण ती अडचण प्राथमिक शिक्षकांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. चुकीमागचा विचार ओळखण्याची ही नजर पदविकेच्या अभ्यासक्रमातून पुरती मिळत नाही. वर्षानुवर्षे वह्या तपासूनच ती येते.

यावर आक्षेप येतो, की त्याच वर्गात वर्षे काढली की शिकवणे साचेबंद होते. ही भीती खोटी नाही. पण साचलेपणा वर्षांमुळे येत नाही, एकटेपणामुळे येतो. ज्या शिक्षकाला आपल्या वर्गाविषयी कोणी काही विचारतच नाही, त्याचे शिकवणे थिजते. दुसरा आक्षेप असा, की कॅथलिक शाळेची ताकद श्रद्धेत आहे, तिथे कौशल्याचा हिशेब कशाला? श्रद्धेने माणूस मुलापाशी धीराने बसतो हे मान्य. पण आपल्या शाळांत प्रापंचिक शिक्षक आहेत, अन्य धर्मांचे शिक्षक आणि विद्यार्थीही आहेत. मान्यताप्राप्त शाळेत संमतीवाचून कोणालाही धार्मिक शिक्षणात सहभागी करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २८ ने स्पष्ट केले आहे. या सर्वांना बांधणारा धागा म्हणजे प्रत्येक मुलाला वाचता आले पाहिजे हा आग्रह. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन, लेखन आणि गणित यावे, याला सर्वोच्च अग्रक्रम दिला आहे. ते साधायचे कसे, हे सांगू शकणारी माणसे आज याच सभागृहात बसली आहेत.

म्हणून संमेलनापुढे माझी विनंती अशी: प्रत्येक शाळेने निवृत्त होणाऱ्या शिक्षकाकडून मुलांच्या नेहमीच्या चुका आणि त्यांवरचे उपाय लिहून घ्यावेत आणि नव्या शिक्षकाला पहिले वर्षभर त्या अनुभवी शिक्षकाच्या सोबतीने शिकवू द्यावे. सत्कार जरूर करा, पण त्याआधी त्यांचे ज्ञान उतरवून घ्या.