जागेवरची सायकल

तालुक्याच्या जिममध्ये बायकांच्या बॅचला परवा पहिल्यांदा गेले. सायकल जागेवरच, घाम मात्र घाट चढल्यासारखा! सासूबाई म्हणाल्या, "शेतात राबतेस, ते कमी पडतं का?" पण निंदताना कंबर मोडते, दमसास कुठे वाढतो?

सीट आधी कमरेच्या हाडाइतकी उंच करून घ्या. पायडल खाली गेलं की गुडघा किंचितच वाकलेला हवा. सीट बुटकी राहिली तर गुडघे बोलायला लागतात. ओढणी काढून ठेवा. गोल बटण फिरवलं की चाक जड होतं. पाय थांबवले तरी चाक पायडल ओढतच राहतं, म्हणून पाय एकदम काढू नका, बटण दाबून ब्रेक लावा. बाकीच्या उभ्यानं मारतात, मारू देत. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं. बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बूड दोन दिवस ठणकतं, हे मात्र कुणी सांगत नाही. बुधवारी गटातल्या तिघी येताहेत, सासूबाई विचारतात, "साडीवर चालतं का गं?"