व्यसनमुक्तीचे आधारगट आणि खेड्यातील शिक्षक

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



हजेरीपत्रकात एखाद्या मुलीच्या नावापुढे आठवड्यातून दोन-दोन दिवस गैरहजेरी लागू लागते, तेव्हा विचारणा केल्यास 'घरकाम' असे उत्तर मिळते. ते खोटे नसते. परंतु त्या घरकामाच्या मागे पुष्कळदा वडिलांची दारू असते. आई मजुरीस जाते, वडील ओट्यावर पडून असतात, आणि धाकट्या भावंडास सांभाळण्याचे काम दहा वर्षांच्या मुलीच्या वाट्यास येते. शिक्षक घरी जाऊन पालकास चार शब्द सुनावतो. पालक मान खाली घालून "उद्यापासून सोडतो, गुरुजी" असे म्हणतो, आणि ते म्हणताना तो बहुधा खरेच बोलत असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हात कापू लागतात व वचन मोडते. अशा वेळी शिक्षकाजवळ उपदेशापलीकडे दुसरे कोणते साधन आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. वर्षानुवर्षे रोज पुष्कळ पिणाऱ्या मनुष्याने दारू एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत कंप सुटणे, झटके येणे, भ्रम होऊन माणसे न ओळखणे, असे प्रकार घडू शकतात. क्वचित प्रसंगी ते जिवावरही बेततात. म्हणून अशा पालकास देवासमोर शपथ घ्यावयास लावून घरी कोंडून ठेवणे, हा उपाय सद्हेतूने केलेला असला तरी धोक्याचा आहे. त्याने आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. तेथील डॉक्टरांच्या देखरेखीखाली शरीर दारूवाचून स्थिर झाले की पुढचा, अधिक लांबचा भाग सुरू होतो. आधारगटाचे काम मुख्यतः या लांबच्या भागाचे आहे.

समदुःखी माणसांना एकत्र बसवून बरे करण्याचा आधुनिक वैद्यकातील प्रयोग प्रथम व्यसनासाठी झाला नव्हता, तो क्षयासाठी झाला. अमेरिकेतील बोस्टन शहरी डॉ. जोसेफ प्रॅट यांनी 1905 साली गरीब क्षयरोग्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलावण्यास आरंभ केला. प्रत्येकाने रोजच्या विश्रांतीची व आहाराची नोंद वहीत करावयाची, सभेच्या दिवशी ती दाखवावयाची, वजन करावयाचे. शिक्षकांना गंमत वाटेल, प्रॅट यांनी या उपक्रमास 'वर्ग' असेच नाव दिले होते. ज्याचे वजन वाढले त्यास पाहून शेजारच्यास धीर येतो, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. आज ज्यास समूहोपचार म्हणतात, त्याचा उगम सामान्यतः या वर्गात मानला जातो. समूहोपचारात प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक उपस्थित असतो व तो सभेचे सूत्र सांभाळतो. आधारगटात असा कोणी अधिकारी पुरुष नसतो. सर्वच त्या दुःखातून गेलेले. दोहोंची गल्लत करू नये. एकास दुसऱ्याची जोड मिळाली तर उत्तमच.

मद्यासक्तांच्या आधारगटांपैकी सर्वांत जुना व विस्तृत गट म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, संक्षेपाने ए. ए. न्यूयॉर्कचे शेअरदलाल बिल विल्सन आणि ऍक्रन या गावचे शल्यवैद्य डॉ. रॉबर्ट स्मिथ हे दोघेही दारूने उद्ध्वस्त झालेले गृहस्थ 1935 च्या मे महिन्यात भेटले. त्याच वर्षी 10 जून रोजी डॉ. स्मिथ यांनी शेवटचा पेला घेतला. तो दिवस संस्थेचा स्थापनादिवस मानतात. भारतात हे कार्य 1957 पासून आहे. वर्गणी नाही, नोंदणी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. बाहेरच्या कोणाची देणगी संस्था स्वीकारीत नाही. सभेत झोळी फिरते, तीत सभासद यथाशक्ती टाकतात.

सभेत प्रत्यक्ष काय घडते, हे शिक्षकास ठाऊक असणे जरुरीचे आहे, कारण पालक पहिला प्रश्न तोच विचारतो. सभा साधारण तास-दीड तासाची. खुर्च्या किंवा सतरंज्या, एखादी चहाची किटली. एक सभासद सूत्रे सांभाळतो. पुढच्या वेळी दुसरा. बोलणारा आपले नुसते नाव सांगतो, आपण मद्यासक्त आहो असे म्हणतो आणि आपली हकीकत सांगतो: घरातील भांडी कशी विकली, कामावरून कसे काढले, किती दिवस झाले थेंब घेतला नाही. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालीत नाही. ज्यास बोलावयाचे नसेल त्याने नुसते ऐकावे. ऐकलेले बाहेर न्यावयाचे नाही. जन्मभराची प्रतिज्ञा येथे मागत नाहीत. आजचा एक दिवस न पिण्याचा निश्चय करावयाचा, उद्याचे उद्या. नवख्यास एखाद्या जुन्या सभासदाचा हात मिळतो. अडचणीच्या वेळी मध्यरात्रीही त्यास फोन करता येतो.

याचा उपयोग होतो काय? 2020 साली 27 अभ्यासांचे व त्यांतील 10,565 व्यक्तींचे जे पद्धतशीर परीक्षण प्रसिद्ध झाले, त्यात दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत या पद्धतीवर आधारलेले उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचे, कित्येकदा सरसही, ठरले. मात्र ते प्रत्येकास लागू पडतात, असा त्याचा अर्थ नाही.

महाराष्ट्रातील खेड्यास ही कल्पना वाटते तेवढी परकी नाही. गळ्यात माळ घालून दारू सोडलेली माणसे बहुतेक गावांत आहेत. त्यांतील कोण टिकले व कोणाची माळ पुन्हा खुंटीवर गेली, हे शिक्षकाने जरा बारकाईने पाहावे. जो दर एकादशीस भजनास जातो, वारीत दिंडीबरोबर चालतो, ज्याच्या न येण्याची चौकशी करावयास टाळकरी घरी येतात, तो बहुधा टिकलेला आढळेल. गावातील 'बाटली आडवी' करण्याच्या चळवळीचे मोल मोठे आहे. परंतु दुकान बंद झाल्याने पिणाऱ्याच्या हाताचा कंप थांबत नाही, तो पलीकडच्या गावाची वाट धरतो. त्यास सोबत लागते.

पुण्यात 1986 साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने ही सोबतीची गोष्ट उपचाराच्या केंद्रस्थानी ठेवली. तेथे उपचारात समूहचर्चा असते, घरी परतल्यावर पाठपुराव्याच्या सभा असतात, आणि रुग्णांच्या पत्नींसाठी स्वतंत्र गट असतो. या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसे आहे. नवऱ्याने गटात जाण्यास नकार दिला की सर्व मार्ग खुंटले, असे समजण्याचे कारण नाही. मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी 1951 पासून अल्‌-अनॉन नावाचे निराळे गट आहेत. पत्नी, आई, बहीण एकटीच तेथे जाऊ शकते. आपल्यामुळे तो पितो, हा समज तेथे हळूहळू गळून पडतो. त्याच्या वतीने मुकादमाकडे खोटे निरोप धाडणे, त्याची उधारी फेडणे, हे थांबविण्याचे बळ येते. किशोरवयीन मुलांसाठी त्याचीच शाखा 1957 मध्ये निघाली. तथापि खेड्यात मुलांसाठी असा गट मिळणे कठीणच. तेथे शिक्षकाचे शब्दच कामी येतात. वडिलांच्या पिण्यात तुझा दोष नाही, ते थांबविणे हे तुझे काम नाही, एवढे त्या मुलीस एकांतात सांगावे. वर्गासमोर कधीही विचारू नये. वडिलांना गुत्त्यावरून बोलावून आणण्यास मुलास पाठवू नये. हे अजूनही काही ठिकाणी घडते व ते अत्यंत अनुचित आहे.

एक नाजूक बाब टाळून चालणार नाही. शिक्षकांतही या आजाराचे रुग्ण असतात. सहकारी त्याचे वर्ग सांभाळून घेतात, मुख्याध्यापक रजेचा अर्ज मागाहून लिहवून घेतात, आणि हे सर्व दयेपोटी चालते. पाच-सात वर्षांनी प्रकरण विभागीय चौकशीपर्यंत पोचते, तेव्हा यकृत गेलेले असते. झाकण्याची ही दया त्यास महाग पडते. त्याऐवजी एका सहकाऱ्याने त्याच्याबरोबर पहिल्या सभेस जावे. ए. ए. च्या काही सभा केवळ मद्यासक्तांसाठी असतात, काही कोणासही खुल्या असतात. सोबत जाणाऱ्याने खुली सभा निवडावी. ओळखीच्या भीतीने शेजारच्या तालुक्यातील गटात गेले तरी चालते, पुष्कळजण तसेच करतात.

गट शोधावा कसा? जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात व व्यसनमुक्ती केंद्रांत स्थानिक सभांचे वार व ठिकाणे बहुधा ठाऊक असतात. 14446 हा व्यसनमुक्तीचा व 14416 हा मानसिक आरोग्याचा शासकीय दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. दुसरा, 'टेलि-मानस', ऑक्टोबर 2022 पासून अहोरात्र चालतो व त्यावर मराठीतून बोलता येते. चौकशी करताना नुसते 'गट' म्हणू नये. गावात त्याचा अर्थ बचत गट असा होतो व बाई कर्जाचे कागद घेऊन येते. जो गट प्रवेशासाठी मोठी रक्कम मागतो, चहातून नकळत द्यावयाची पावडर विकतो, डॉक्टरांची औषधे बंद करावयास सांगतो किंवा एकाची हकीकत दुसऱ्यास सांगतो, त्यापासून दूर राहावे. उलटपक्षी, एका सभेवरून मत बनवू नये. पहिल्या दिवशी परक्यांच्या हकीकती ऐकून बहुतेकांस अवघडल्यासारखे होते. निदान पाच-सहा वेळा जाऊन मग ठरवावे.

गावात किंवा केंद्रात पाच-सहा माणसे नियमाने जाऊ लागली, तर ती जवळच सभा भरविण्यास जागा शोधतील. अनेक शहरांत अशा सभा शाळेच्या खोलीत भरतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने सुटीच्या दिवशी एक खोली देणे शक्य आहे. गटाने भाडे म्हणून काही रक्कम देऊ केल्यास ती नाकारू नये, रीतसर पावती द्यावी. फुकट काही न घेण्याचा त्यांचा दंडक आहे. मुख्याध्यापकाने किल्ली द्यावी व निघून जावे. कोण आले, हे पाहण्यास दारात थांबू नये.

तोपर्यंत तालुक्याच्या ठिकाणीच जावे लागेल. सभा बहुधा संध्याकाळी असतात. म्हणून पालकास पत्ता देताना चिठ्ठीवर वार, वेळ व जागा यांच्याबरोबर परतीच्या शेवटच्या एस. टी. ची वेळही लिहून द्यावी. ती गाडी सभा संपण्याआधी सुटत असेल, तर रात्री त्यास परत कोण आणणार, हे त्याच्या घरच्यांशी आधीच बोलून ठेवावे.