पितळेतला ताण



रायफलमधून गोळी सुटली की मागे पितळी पुंगळी उरते. अमेरिकेतले अनेक नेमबाज आणि शिकारी ती टाकून देत नाहीत. दारू पेटवणारी नवी टोपी, दारू आणि गोळी बसवून तीच पुन्हा वापरतात. मात्र त्याआधी तिला मापात आणावं लागतं. पुंगळी किती दिवस टिकणार, हे बरंचसं याच कामावर ठरतं.

‘थर्टी-ओ-सिक्स’ हे अमेरिकी सैन्याचं 1906 सालचं काडतूस. बार उडताना त्याच्या आतला दाब दर चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या घरात जाऊ शकतो. त्या दाबाने पुंगळी फुगते, चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती थोडी आक्रसते, म्हणून तर बाहेर निघते. पण मूळ मापावर काही येत नाही. मग तिला वंगण लावून पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबतात. वंगण विसरलात, तर ती आत अशी रुतून बसते की निघता निघत नाही.

माझ्या मते इथे खरा धोका जास्त दाबण्याचा आहे. मानेखालचा उतार, म्हणजे पुंगळीचा खांदा, गरजेपेक्षा मागे सरकवला की चेंबरमध्ये मोकळी जागा राहते. पुढच्या बाराला पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला चिकटून राहतो, बूड मात्र मागे रेटलं जातं. दोन्हींच्या मधलं पितळ ताणून पातळ होतं. बाहेरून तिथे एक चकचकीत कडं दिसू लागतं आणि एखाद्या दिवशी पुंगळी नेमकी तिथेच तुटते. म्हणून जाणकार खांदा एक-दोन सहस्रांश इंचच मागे घेतात, म्हणजे जेमतेम 0.05 मिलिमीटर.

दुसरी गोष्ट कडकपणाची. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असलेलं हे पितळ थंड असताना ठोकलं, दाबलं की कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर भांडं ठोकताना मधेच भट्टीत तापवून नरम करतो, ते याचसाठी. पुंगळीचीही फक्त मान तापवतात. बूड कधीच नाही. दाब पेलायचा तर ते कडकच राहायला हवं.

असं ठोकून-दाबून घडवलेल्या पितळेत ताणही साठून राहतो. तो काय करू शकतो, हे ब्रिटिश फौजेने भारतातच पाहिलं. पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली काडतुसं न वापरताच तडकत. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण दाखवून दिलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेत मिसळत होता आणि आधीच ताणाखाली असलेल्या पितळेला चिरा पाडत होता. तयार पुंगळी नरम होणार नाही इतपतच, बेताची तापवून ताण घालवला की तडे थांबत. पुंगळ्या अमोनिया असलेल्या द्रवाने धुऊ नयेत, ते यामुळेच.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. परदेशात कायद्याने हा छंद जोपासणाऱ्या मराठी मंडळींना मात्र एक कळकळीची विनंती. दर वेळी भरण्याआधी टोकाला वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालून बुडाजवळ फिरवून पाहा. आत खाचेला अडकली, तर ती पुंगळी चेचून भंगारात टाका.