पंप आजीच्या हाती द्या

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या बालरोगतज्ज्ञांनी मला अध्यक्षपदाचा मान दिला आहे. अध्यक्षीय भाषणात वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. पण नव्या औषधांवर सकाळपासून चांगली सत्रे झाली. मला एकच गोष्ट बोलायची आहे, आणि ती बरीच वर्षे मनात आहे. दमा असलेल्या मुलांच्या पालकांना आपणच घाबरवून ठेवले आहे.

जगातले साधारण 13 टक्के दमेकरी भारतात आहेत, पण दम्याने होणारे 40 टक्क्यांहून अधिक मृत्यू इथले आहेत. औषधे तीच आहेत. ती घरात रोज आणि नीट दिली जात नाहीत. पालक अडाणी, असे म्हणून आपण मोकळे होतो. मी दोष आपल्याला देते. "स्वतः काही करू नका, लगेच घेऊन या," हे वाक्य आपल्या तोंडी बसले आहे. मध्यरात्री पोराची छाती घरघरू लागली की त्या आईने रिक्षा मिळेपर्यंत नुसते बघत बसायचे का?

प्रदूषणामुळे 2014 साली हिरवा पाऊस आणि 2020 साली गुलाबी रस्ता पाहिलेल्या डोंबिवलीत पालक मला विचारतात, "घर बदलू का?" हवा त्यांच्या हातात नाही. इनहेलरचा पंप आहे. पण "पंपाची सवय लागते" असे शेजारीण सांगते, आणि ते खोडून काढायला आपल्याकडे पाच मिनिटे नसतात.

दुपारी घरी विजेवरचा नेब्युलायझर असावा की पंपाला जोडायचा स्पेसर, यावर खडाजंगी झाली. मला कल्याण पूर्वेतली एक आजी आठवते. चौथी शिकलेली. मुलगा-सून सकाळच्या लोकलने मुंबईला गेले की चार वर्षांचा नातू तिच्या ताब्यात. फ्रिजवर आमचा मराठी सूचनांचा कागद चिकटवलेला. पहिल्या पावसात पोराला धाप लागली. तिने पंप हलवला, स्पेसरला लावला, मास्क नाका-तोंडावर फट न ठेवता धरला, एक पफ दाबला, पोराचे सहा श्वास मोजले, मगच दुसरा. वीस मिनिटांनी कागदाप्रमाणे पुन्हा. मग फोन: "डॉक्टर, आता खेळतोय. संध्याकाळी आणू का?" माझ्यापुरता वाद तिथे मिटला. वीज गेली म्हणून स्पेसर अडत नाही. आणि ऐपतीचा प्रश्न काढू नका. सांधा घट्ट बंद केलेली 500 मिलीची साधी प्लास्टिकची बाटलीही स्पेसरचे काम चोख करते, हे दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी 1999 सालीच दाखवले आहे.

त्या कागदावर फार काही नव्हते. रोजचा पंप कोणता आणि त्यानंतर चूळ भरणे, धाप लागली तर कोणता, किती पफ, किती वेळाने. आणि बरगड्यांमध्ये खड्डे पडले, बोलता येईना, ओठ निळे दिसले, तर वाट न पाहता रुग्णालय. असा कागद आपण सर्वांनी मिळून, मोठ्या अक्षरांत, छापायला हवा. शाळांतल्या बाईंपर्यंतही तो पोचावा. कसे, ते कार्यकारिणीत बसून ठरवू.

तोवर एवढे करा. उद्या ओपीडीत दम्याचे पहिले मूल येईल, तेव्हा पंप तुम्ही धरू नका. आईच्या, आजीच्या हाती द्या, ती कसा देते ते पाहा, चुकले तर लगेच दाखवा, आणि तिला नीट जमेपर्यंत पुढच्या पेशंटला आत बोलावू नका.